मेलेल्या जंतूचा ताप : भायखळा, १८९७

१० जानेवारी १८९७. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात छत्तीस वर्षांच्या एका शास्त्रज्ञाने स्वतःच्या अंगात प्लेगचे जंतू टोचून घेतले. जंतू मेलेले होते. मात्रा मात्र मोठी होती, १० घनसेंटिमीटर. पुढे सर्वसामान्य माणसांना जेवढी देण्यात आली तिच्या कितीतरी पट. सुई डॉ. सर्व्हेयर यांनी टोचली आणि कॉलेजचे प्राचार्य साक्षीला उभे होते. टोचून घेणाऱ्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. काही तासांत त्याला ताप भरला, टोचलेल्या जागी ठणका लागला, आणि थोड्या अवधीत सारे ओसरले.

त्याच आठवड्यांत तिथून मैल-दीड मैलावर, मांडवीच्या गोदामांलगतच्या चाळींत, जिवंत जंतू माणसांच्या अंगात शिरत होते. त्यांची गोष्ट अगदी वेगळी होती. जंतू शिरल्यावर दोन दिवसांपासून सहा दिवसांपर्यंत माणसाला काहीच जाणवत नसे. तो हमाली करी, जेवी, झोपे. आत जंतू दुपटी-चौपटीने वाढत असत आणि शरीराला त्याचा पत्ता नसे. मग एकाएकी थंडी वाजून ताप चढे, जांघेत किंवा काखेत गाठ येई, आणि पुष्कळदा आठवड्याच्या आत सारे संपे.

मेलेला जंतू काही तासांत शरीराला खडबडून जागे करतो आणि जिवंत, जीवघेणा जंतू दिवसच्या दिवस कोणाला कळू न देता वावरतो. हा हिशेब उलटा का? त्याचे उत्तर मिळायला शंभरांहून अधिक वर्षे लागली, आणि ते सापडले पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनात. हा धागा त्या उत्तराचा आहे. सुरुवात मात्र भायखळ्यापासूनच करावी लागते.

प्लेग मुंबईत आल्याचे प्रथम ओळखले ते मांडवीत व्यवसाय करणाऱ्या डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने, २३ सप्टेंबर १८९६ रोजी. व्हिएगस ग्रँट मेडिकल कॉलेजचेच विद्यार्थी. निदान मान्य करायला शहर नाखूष होते, कारण प्लेग म्हटले की बंदर बंद, व्यापार बंद. सरकारने कलकत्त्याहून हाफकिनला बोलावले. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला हा माणूस १८९३ पासून हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत फिरत होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो मुंबईत पोहोचला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळाली एक लहान खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा. मनुष्यबळ म्हणजे एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत लस तयार झाली.

ती कशी तयार झाली हे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण उत्तराचा एक तुकडा त्या कृतीतच दडलेला आहे.

काचेच्या चंबूत मांसाचा रस्सा घेतला जाई. गाय आणि डुक्कर या दोन्हींचे मांस इथल्या लोकांना चालणार नाही हे ओळखून बोकडाचे मांस हायड्रोक्लोरिक आम्लात पचवून रस्सा करण्याची रीत पुढे पडली. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवत. प्लेगचा जंतू त्या थेंबांना खालून धरून वाढे आणि रश्शात लोंबत्या धाग्यांचे झुबके उतरत, गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीसारखे. चंबू हलवला की झुबके तळाशी पडत आणि वर नवी वाढ सुरू होई. असे सुमारे सहा आठवडे. मग सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास तापवून जंतू मारायचे, थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, आणि कुप्यांत भरायचे. चंबू ठेवले जात ते खोलीतल्या, म्हणजे मुंबईच्या हवेच्या, तपमानावर. शरीराच्या तपमानाला जंतू वाढवण्याचा आग्रह हाफकिनला वाटला नाही.

हाफकिनची धारणा अशी होती की लशीत जंतूंची शरीरे हवीत आणि त्यांनी रश्शात सोडलेली विषेही हवीत. एकामुळे लागण टळेल, दुसऱ्यामुळे मृत्यू. म्हणून तर सहा आठवड्यांचा मुरवा. आणि कुपीतली लस पुरेशी जोमदार आहे की नाही हे ठरवायचे माप त्याच्याकडे एकच होते: टोचल्यावर ताप किती चढतो. ताप हा त्याच्या लेखी दुष्परिणाम नव्हता, लस लागू पडल्याची ती खूण होती. आज हे वाचताना ओबडधोबड वाटते. तसे ते नव्हते, हे पुढे दिसेल.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आले; सुमारे दीडशे जण टोचून घ्यायला पुढे आले, त्याहून काही अधिक मागे राहिले. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, दगावला कोणी नाही. कैद्याची संमती ही कितपत संमती, हा प्रश्न आजचा वाचक विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. तथापि एकाच भिंतीआड, एकाच अन्नावर राहणारे दोन गट अशी तुलना त्या काळी दुर्मीळ होती, आणि पुढची सारी मोहीम या आकड्यांवर उभी राहिली.

लोकांना मात्र ही सुई पटली नाही. त्यांच्या बाजूने पाहिले तर का पटावी? धडधाकट माणूस टोचून येतो आणि रात्री तापाने फणफणतो. प्लेगचे पहिले लक्षणही तापच. सरकार सुईतून प्लेग घालते, ही समजूत निव्वळ अडाणीपणातून आलेली नव्हती, ती डोळ्यांदेखत घडणाऱ्या गोष्टीचा लावलेला अर्थ होता. त्यात फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, घरांच्या झडत्या, बायाबापड्यांची तपासणी, रुग्णांना ओढून नेणे. ऑक्टोबर १८९६ मध्येच आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. ९ मार्च १८९८ रोजी भायखळ्याला लागूनच असलेल्या मदनपुऱ्यात एका विणकर कुटुंबातील मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याच वर्षी २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. अशा हवेत तापाच्या सुईला कोण हात पुढे करणार? तिसरे आगाखान यांनी स्वतः सर्वांसमक्ष टोचून घेतले आणि आपल्या अनुयायांना तसे करायला लावले, तेव्हा खोजा समाजात लस रुजली. हाफकिनच्या प्रयोगशाळेला काही काळ जागाही त्यांनीच दिली, खुशरू लॉजमध्ये. १८९९ च्या ऑगस्टमध्ये ती परळच्या जुन्या राजभवनात गेली, आणि १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. तोवर तिथून अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या.

मुलकोवालचे प्रकरण सर्वश्रुत आहे. १९०२ साली पंजाबातील त्या गावी एका कुपीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले, दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला बाजूला सारण्यात आले, आणि रोनाल्ड रॉस प्रभृतींनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. त्याची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. इथे आपल्याला तापाकडे परतायचे आहे.

मेलेल्या जंतूंनी ताप येतो हे १८९७ मध्ये नवे नव्हते. बर्लिनमध्ये कॉखच्या संस्थेत काम करताना रिचर्ड फायफर याने १८९२ च्या सुमारास दाखवले होते की कॉलऱ्याचा जंतू उष्णतेने मारला तरी त्याच्या शरीरात एक विष शिल्लक राहते. धनुर्वाताचे किंवा घटसर्पाचे विष जंतू बाहेर टाकतो आणि ते तापवले की निकामी होते. हे विष मात्र जंतूच्या देहालाच चिकटलेले आणि उष्णतेला दाद न देणारे. त्याला अंतर्विष, एंडोटॉक्सिन, हे नाव मिळाले. हाफकिनच्या कुपीतल्या सत्तर अंशांनंतरही टिकून राहणारे आणि त्याला स्वतःला ताप आणणारे द्रव्य मुख्यतः हेच.

परंतु विष आहे एवढे म्हटल्याने काही उलगडत नाही. ते पेशीला कळते कसे?

ज्या वर्षी हाफकिनने सुई टोचून घेतली त्याच वर्षी, १८९७ मध्ये, पाउल एर्लिख याने घटसर्पाच्या प्रतिविषाचे मोजमाप करताना एक कल्पना मांडली. पेशीच्या अंगावर बाजूला आलेल्या साखळ्या असतात. त्यांचे काम अन्नकण धरण्याचे. विष चुकून तिथे जाऊन बसते. पुढे १९०० मध्ये या साखळ्यांना त्याने रिसेप्टर म्हटले. मराठीत ग्राही. जो रेणू येऊन ग्राहीला बांधला जातो त्याला आज लिगंड म्हणतात. एर्लिखच्या कल्पनेतला खरा मासला मात्र पुष्कळदा विसरला जातो. त्याच्या पाहण्यात असे आले होते की जुन्या झालेल्या विषाची मारक शक्ती जाते, तरी प्रतिविषाला बांधले जाण्याची शक्ती राहते. त्यावरून त्याने म्हटले, की विषाच्या रेणूला दोन वेगळी अंगे असली पाहिजेत: एक धरणारे आणि एक मारणारे. धरणे आणि परिणाम घडवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे, या एका वाक्यात, आहे. उरलेल्या निम्म्याला आणखी एक शतक लागले.

१९०५ मध्ये केंब्रिजचा जॉन न्यूपोर्ट लँग्ली कोंबडीच्या स्नायूवर निकोटीन आणि क्युरारे घालून अशाच निष्कर्षाला आला. मज्जातंतू कापून तो क्षीण होऊ दिला तरी निकोटीनने स्नायू आखडतो, आणि क्युरारेने ते थांबते. म्हणजे दोन्ही औषधे स्नायूतल्याच कुठल्याशा ग्राही पदार्थावर बसत असली पाहिजेत, एक त्याला चेतवते आणि दुसरे नुसतेच जागा अडवते. औषधशास्त्राचा पाया या विचारावर घातला गेला. शाळेत कुलूप आणि किल्लीची उपमा देतात ती एमिल फिशरची, १८९४ ची, विकरांसाठी दिलेली. उपमा चांगली आहे, पण अर्धीच सांगितली जाते. किल्ली आत जाणे वेगळे आणि फिरणे वेगळे. आत जाऊन न फिरणारी किल्ली कुलूप उघडत नाही, शिवाय खऱ्या किल्लीलाही आत येऊ देत नाही.

आता थोडे परळ-भायखळ्याकडे वळू, कारण उरलेला दुवा तपमानाचा आहे आणि तो इथल्याच प्रयोगशाळेत दोन वेगवेगळ्या वाटांनी पुढे आला.

पहिली वाट पिसवांची. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये, पाळलेले गिनीपिग १९०३ च्या सुमारास मरू लागले. परळच्या प्रयोगशाळेतल्या ग्लेन लिस्टन याने ते तपासले तेव्हा मृत्यू प्लेगने झाल्याचे आणि त्यांच्या अंगावर उंदरावरच्या पिसवा असल्याचे दिसून आले. आसपासचे उंदीर मेले की भुकेल्या पिसवा दुसरे अंग शोधतात. बागेत गिनीपिग सापडले, चाळीत माणूस. मग लिस्टनने गिनीपिगच पिसवा पकडण्याचा सापळा म्हणून लागण झालेल्या घरांत सोडले. याविषयीचा त्याचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ साली आला. पॉल-लुई सीमाँ याने १८९८ मध्ये पिसूबद्दल जे म्हटले होते आणि जे कोणी फारसे मनावर घेतले नव्हते, ते त्यानंतरच्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी पक्के झाले. यातला आपल्या कामाचा भाग इतकाच: प्लेगचा जंतू आयुष्याचा एक भाग पिसूच्या पोटात घालवतो, जिथे तपमान हवेइतके, पंचवीस-सव्वीस अंशांच्या घरात, आणि दुसरा भाग उंदराच्या किंवा माणसाच्या अंगात, जिथे ते ३७ अंश. जंतूला या दोन घरांचा फरक समजतो आणि त्याप्रमाणे तो अंगावरचा वेश बदलतो.

दुसरी वाट लशीची. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक झाले, त्या पदावरील पहिले भारतीय. (कथकला प्रतिष्ठित रंगमंच मिळवून देणाऱ्या आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या मॅडम मेनका त्यांच्या पत्नी. त्या घरात एका खोलीत घुंगरू आणि दुसऱ्या खोलीत प्लेगचे हिशेब, असे चित्र मनात उभे राहिल्यावाचून राहत नाही.) त्याच सुमारास लंडनमध्ये शुट्झे याने दाखवले की प्लेगचा जंतू ३७ अंशांवर वाढवला तर अंगाभोवती प्रथिनांचे एक आवरण तयार करतो, २६ अंशांवर करत नाही, आणि संरक्षण देणाऱ्या प्रतिपिंडांचा मोठा भाग या आवरणाविरुद्धचा असतो. सोखींनी बोकडाच्या रश्शाऐवजी दुधातील केसीन पचवून केलेले माध्यम आणले आणि जंतू ३७ अंशांवर वाढवले. लस अधिक नेमकी झाली. हाफकिनने मुंबईच्या हवेवर विसंबून केलेली कृती त्या अर्थाने उणी ठरली.

त्या अर्थाने. कारण ३७ अंशांवर जंतू आणखी एक गोष्ट बदलतो, आणि ती १९३० च्या दशकात कोणाला दिसण्याजोगी नव्हती.

फायफरचे अंतर्विष म्हणजे काय, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. प्लेग, कॉलरा, विषमज्वर यांच्यासारख्या जंतूंच्या बाह्यत्वचेत शर्करा आणि मेद यांचा जोडरेणू असतो, लिपोपॉलिसॅकराइड. त्याचा त्वचेत रुतलेला मेदयुक्त भाग म्हणजे लिपिड-ए. दोन शर्करांचा कणा आणि त्याला लोंबणाऱ्या मेदाम्लांच्या साखळ्या अशी त्याची ठेवण. आपल्या आतड्यातील ई. कोलायमध्ये या साखळ्या सहा. हा रेणू अत्यल्प प्रमाणात रक्तात गेला तरी माणसाला ताप भरतो. पण तो धरणारा ग्राही सापडत नव्हता.

तो सापडला माशी आणि उंदीर यांच्या आडवाटेने. १९८९ मध्ये चार्ल्स जेनवे याने असे भाकीत केले की जंतूंच्या ठरावीक रेणूंना जन्मजात ओळखणारे ग्राही आपल्या पेशींवर असलेच पाहिजेत. त्यांच्यावाचून प्रतिकारयंत्रणा सुरूच होणार नाही. १९९६ मध्ये झ्यूल हॉफमन यांच्या गटाने दाखवले की टोल नावाचे जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीने मरतात. दरम्यान प्रयोगशाळांत उंदरांचा एक वंश १९६० च्या दशकापासून माहीत होता, ज्याला अंतर्विष कितीही टोचा, त्याच्यावर परिणाम शून्य. ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने वर्षानुवर्षे त्या उंदरांचे जनुक शोधले आणि १९९८ मध्ये ते सापडले: टोलसारखेच एक प्रथिन, टीएलआर-४, आणि त्यात एकाच अमिनो आम्लाची चूक. ती चूक प्रथिनाच्या पेशीच्या आतल्या भागात होती. म्हणजे बाहेर धरणे शाबूत, आत निरोप पोहोचवणे बंद. एर्लिखने विषाच्या रेणूत पाहिलेला भेद इथे ग्राहीच्या रेणूत दिसला. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चे नोबेल मिळाले.

यंत्रणा अशी आहे. टीएलआर-४ हे घोड्याच्या नालेसारखे वाकलेले प्रथिन भक्षक पेशीच्या त्वचेत रोवलेले असते. नाल बाहेर, शेपूट आत. त्याच्या कुशीला एमडी-२ नावाचे छोटे प्रथिन बिलगलेले असते आणि त्यात तेलकट अस्तराची एक खोल खोबण असते. रक्तातील वाहक प्रथिने जंतूच्या त्वचेतून सुटलेला लिपिड-ए उचलून या खोबणीपाशी आणतात आणि त्याच्या मेदाम्लांच्या साखळ्या खोबणीत शिरतात. २००९ मध्ये या जोडणीची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. सहा साखळ्यांपैकी पाच खोबणीत मावतात. सहावी मावत नाही. ती काठावर उघडी पडून राहते, आणि शेजारच्या दुसऱ्या टीएलआर-४ ला चिकटायला जागा करून देते. दोन नाला समोरासमोर येतात, तशी आतल्या दोन शेपटाही जवळ येतात. त्या जवळ आल्या की निरोप निघतो. सारे भवितव्य न मावलेल्या त्या एका साखळीवर असते.

चारच साखळ्या असलेला लिपिड-ए त्याच खोबणीत जातो, चांगला खोलवर बसतो, पण काठावर काहीच उरत नाही. दुसरी नाल येत नाही. किल्ली आत, कुलूप बंद. आणि खोबण अडलेली असल्याने सहा साखळ्यांचा रेणू आला तरी त्याला जागा नाही.

आता प्लेगचा जंतू. तो २६-२७ अंशांवर, पिसूच्या पोटात, वाढतो तेव्हा त्याच्या लिपिड-ए ला सहापर्यंत साखळ्या असतात. ३७ अंशांवर वाढू लागला की उरतात प्रामुख्याने चार. जपानी आणि अमेरिकी प्रयोगशाळांनी हे २००२ ते २००४ च्या दरम्यान तपशीलवार दाखवले. थंड हवेत जास्तीची साखळी जोडणारे विकर उबेत मंदावते, आणि ई. कोलाय ३७ अंशांवर ज्या विकराने हे काम करतो त्याचे जनुक प्लेगच्या जंतूत नाही. पिसवेतून येणारे पहिले थोडे जंतू जुना, बोलका वेश घेऊन येतात खरे. पण संख्येने कमी, आणि त्यांतले बरेच तिथेच मारले जातात. जे वाचतात त्यांची पिलावळ चार साखळ्यांची, गप्प. मांडवीच्या हमालाचे ते दोन-सहा दिवस इथे होते.

याचा पडताळा २००६ मध्ये आला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील एगिल लीन यांच्या गटाने प्लेगच्या जंतूत ई. कोलायचे ते एकच जनुक घातले. जंतू ३७ अंशांवरही सहा साखळ्या जोडू लागला. बाकी त्याची सारी शस्त्रे जशीच्या तशी होती. तरीही ज्या मात्रेने साधा प्लेग उंदराला हमखास मारतो तिच्या कितीतरी पट मात्रा देऊनही उंदीर जगले, आणि पुढे खऱ्या प्लेगलाही पुरून उरले. टीएलआर-४ नसलेल्या उंदरांना मात्र तो बदललेला जंतू पूर्वीसारखाच मारक ठरला. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचित मिळतो.

दोन शेपटा जवळ आल्यावर पेशीत काय घडते ते थोडक्यात. एमवायडी-८८ नावाचे जोडप्रथिन तिथे येऊन बसते, त्याच्याभोवती आणखी काही जमतात, एक दुसऱ्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतो, आणि अखेरीस एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन मोकळे होते. ते एरवी एका पहारेकरी प्रथिनाच्या मिठीत अडकलेले असते. पहारेकऱ्याचा नाश झाला की ते केंद्रकात शिरते आणि शेकडो जनुके चालू करते. (हे प्रथिन १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधले.) त्या जनुकांतून इंटरल्युकिन-१, टीएनएफ असे निरोप्ये रेणू बनून रक्तात जातात. त्यांच्यामुळे मेंदूच्या तळाशी प्रोस्टाग्लँडिन तयार होते, ते तिथल्या चेतापेशींवरच्या स्वतःच्या ग्राहीला बांधले जाते, आणि शरीराच्या तपमानाचा काटा वर सरकतो. जानेवारीतल्या त्या दिवशी हाफकिनला भरलेला ताप हा एकामागून एक घडलेल्या अशा बंधनांचा शेवट होता. प्लेगचा जंतू या मधल्या वाटेवरही घाव घालतो: यॉप-जे नावाचे प्रथिन तो सुईसारख्या नळीतून पेशीत सोडतो, आणि फॉस्फेटचा शिक्का जिथे बसायचा तिथे ते अॅसिटिलचे बूच मारते. म्हणजे घंटा सहसा वाजतच नाही, आणि चुकून वाजलीच तर तार तोडलेली.

मग हाफकिनच्या चंबूतल्या जंतूंना साखळ्या किती होत्या? त्या कुप्या आज कोणी तपासलेल्या नाहीत. परंतु मुंबईच्या हवेच्या तपमानावर वाढलेला जंतू ३७ अंशांच्या जंतूपेक्षा अधिक बोलका असणार, एवढा तर्क या रसायनावरून सरळ निघतो. त्याने तापाला लशीचे माप मानले त्यामागे अनुभवाचे बळ होते. जेनवेच्या भाकिताचा गाभाही तोच: जन्मजात ग्राही चेतल्याखेरीज प्रतिपिंडे तयार करणारी यंत्रणा नीट कामाला लागत नाही. आज गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या सर्व्हारिक्स लशीत आणि नागिणीविरुद्धच्या शिंग्रिक्स लशीत साल्मोनेलाच्या लिपिड-ए चे सौम्य केलेले रूप मुद्दाम मिसळलेले असते, टीएलआर-४ ला हलकेच चेतवण्यासाठी. शिंग्रिक्स टोचल्यावर रात्री अंग मोडून येते अशी तक्रार बरेच जण करतात. १८९७ च्या मुंबईत ती अधिक तीव्र होती आणि तिचे स्पष्टीकरण कोणाकडे नव्हते, ना टोचणाऱ्याकडे, ना टोचून घेणाऱ्याकडे.

उलट दिशेचा प्रयत्नही झाला. चार साखळ्यांसारखा रेणू औषध म्हणून बनवून, रक्तात जंतुविष भिनलेल्या रुग्णांत टीएलआर-४ अडवावे, अशी कल्पना होती. त्या औषधाचे नाव एरिटोरान. मोठ्या मानवी चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. घंटा एकदा वाजून सारे शहर जागे झाल्यावर घंटेचा लोलक धरून काय उपयोग, असे त्याचे एक स्पष्टीकरण देता येईल, पण प्रकरण बहुधा इतके सोपे नाही.

प्लेगच्या लशीतली हाफकिन आणि सोखी यांच्यामधली अडचण मात्र आता नीट मांडता येते. हवेच्या तपमानावर वाढवलेला जंतू शरीराला जागे करतो, पण खरे आवरण अंगावर नसल्याने ओळख अपुरी करून देतो. ३७ अंशांवर वाढवलेला जंतू आपली खरी ओळख देतो, पण हलक्या आवाजात. एकाच चंबूत दोन्ही साधणे कठीण. चाचण्यांत असलेल्या प्लेगच्या काही लशींनी जंतू वाढवण्याचा मार्गच सोडला आहे. आवरणाचे एफ-१ हे प्रथिन आणि जंतूच्या नळीच्या टोकावरचे व्ही हे प्रथिन त्यांत एकत्र वापरतात, आणि त्यांपैकी एका लशीत ग्राहीला चेतवणारा रेणू वरून घालतात. तो टीएलआर-४ चा नसून टीएलआर-९ चा लिगंड आहे, जंतूंच्या डीएनएची नक्कल करणारा एक तुकडा. त्याच्या मात्रेसाठी रुग्णाचा ताप मोजत बसावे लागत नाही.